निरोप न मिळालेले मैदान

क्रीडांगणाचा शेवट दोन रीतींनी होतो. कधी वास्तू पाडली जाते आणि खेळ नव्या वास्तूत जातो. कधी वास्तू जागच्या जागी उभी राहते आणि खेळच तेवढा उठून जातो. पहिल्या शेवटाला तारीख असते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, जुन्या खेळाडूंना बोलावले जाते, भाषणे होतात, डोळे पुसले जातात. दुसऱ्या शेवटाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. तो झाला हे उमगायलाच काही वर्षे जावी लागतात. आणि उमगते तेव्हा हळहळ करायलाही सोय उरत नाही, कारण वास्तू तर डोळ्यांसमोर धडधाकट उभी असते.

पहिल्या प्रकारचे एक उदाहरण दूरदेशीचे आहे. कॅनडातील माँट्रियल शहरात बर्फावरच्या हॉकीचे ‘फोरम’ नावाचे एक प्रेक्षागार होते. ते १९२४ साली उघडले. ११ मार्च १९९६ रोजी तेथे शेवटचा सामना झाला, तेव्हा शहराने आपल्या या जुन्या वास्तूला रीतसर निरोप दिला. त्या संघाच्या निरनिराळ्या पिढ्यांतील कर्णधारांनी एक पेटती मशाल एकमेकांच्या हाती सोपवली. मॉरिस रिशार या वृद्ध खेळाडूचे नाव पुकारताच प्रेक्षक उठून उभे राहिले आणि कित्येक मिनिटे टाळ्या थांबेनात. या खेळाची आपल्याला फारशी ओळख नसली तरी तो प्रसंग समजायला अडचण येत नाही. आपण कोठून उठत आहोत हे त्या दिवशी त्या गर्दीतील प्रत्येकाला ठाऊक होते.

मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमच्या वाट्याला असा दिवस आला नाही. फेब्रुवारी १९७३ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातील पाचवा कसोटी सामना संपवून प्रेक्षक चर्चगेटच्या गाड्या पकडायला निघाले, तेव्हा आपण एका युगाच्या शेवटाहून परतत आहोत याची त्यांना कल्पना नव्हती. पुढला कसोटी सामना त्या मैदानावर झाला तो डिसेंबर २००९ मध्ये. मधे छत्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. हे कसे झाले, आणि ज्यांचे त्यात काही हरवले ते नेमके कोण, हा या लेखाचा विषय आहे.

ब्रेबर्नची कथा समुद्रापासून सुरू होते. बॅकबेची भरणी करून जी नवी जमीन मुंबईने मिळवली, तिच्यावर हे मैदान उभे राहिले. त्यापूर्वी मुंबईतील मोठे सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत. १९२६ साली सी. के. नायडू यांनी गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध षटकारांची बरसात करत १५३ धावा काढल्या त्या तेथेच. डिसेंबर १९३३ मध्ये भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथ यांनी पदार्पणात शतक ठोकले तेही तेथेच. पण जिमखाना गोऱ्यांचा होता. मैदानात पराक्रम गाजवणाऱ्या भारतीयाला त्याच्या क्लबघरात सभासद म्हणून प्रवेश नव्हता. तेव्हा भारतीयांचे म्हणता येईल असे एक मैदान हवे, ही भावना त्या काळात बळावली यात आश्चर्य नाही.

१९३३ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्यामागचे धडपडे गृहस्थ अँथनी डिमेलो. त्यांनी मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्याकडे जमीन मागितली, आणि सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व हवे असे त्यांना चतुराईने विचारले, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. गव्हर्नरसाहेबांनी अमरत्व पसंत केले असावे. सुमारे नव्वद हजार चौरस यार्ड जमीन साडेतेरा रुपये यार्ड या दराने क्लबला मिळाली. २२ मे १९३६ रोजी कोनशिला बसली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी नवे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते स्टेडियमचे उद्घाटन झाले. लॉर्ड टेनिसन यांचा संघ पाहुणा म्हणून आला होता. क्लबघर असे बांधले होते की त्याच्या खोल्यांत उतरलेल्याला सज्जात उभे राहून खेळ पाहता यावा.

मात्र पहिल्याच वर्षी एक तंटा उपस्थित झाला, आणि पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज त्यात आहे. जिमखान्यांच्या जातवार आणि धर्मवार संघांमधील स्पर्धा मुंबईत फार पूर्वीपासून चालत असे. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा चार संघांची ती चौरंगी होती; १९३७ साली ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन वगैरे उरलेल्यांचा ‘रेस्ट’ हा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. सामने नव्या ब्रेबर्नवर होणार होते. पण आपल्या वाट्याला आलेल्या जागा अपुऱ्या आहेत या कारणाने हिंदू संघाने त्या वर्षी स्पर्धेतूनच अंग काढून घेतले. मैदान कोणाचे आणि बसायच्या जागा कोणाच्या, हा प्रश्न ब्रेबर्नच्या जन्माबरोबरच जन्मला. पस्तीसएक वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला आणि त्या वेळी त्याने मैदानाचा खेळच नेला.

पंचरंगीचे दिवस ब्रेबर्नचे पहिले वैभव. डिसेंबर १९४३ मधील हिंदू विरुद्ध रेस्ट हा सामना घ्या. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. फॉलोऑननंतरच्या दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, आणि त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. त्यांचे बंधू विवेक हजारे दुसऱ्या बाजूला उभे राहिले; दोघांनी मिळून तीनशे धावांची भागीदारी केली, तीत विवेकचा वाटा २१ धावांचा. सामना रेस्टने गमावलाच. सांगलीत जन्मलेला हा अबोल मराठी ख्रिस्ती खेळाडू पराभवातही सामन्याचा नायक ठरला. त्याने ज्या संघाविरुद्ध हा पराक्रम केला तो हिंदूंचा होता आणि टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीतही हिंदूच अधिक असणार, ही गोष्ट त्या स्पर्धेवर आक्षेप घेणाऱ्यांनी आणि तिची तरफदारी करणाऱ्यांनी सारखीच ध्यानात घ्यावी अशी आहे.

कारण आक्षेप होतेच, आणि ते खरे होते. धर्मवार संघ करून खेळणे गांधीजींना मान्य नव्हते. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. देश फाळणीच्या दिशेने जात असताना हिंदू आणि मुसलमान संघांनी एका मैदानात समोरासमोर यावे, हे पुष्कळांना धोक्याचे वाटत होते. तरीही १९४४ सालच्या अंतिम सामन्यात मुसलमान संघाने हिंदूंवर अवघ्या एका गड्याने विजय मिळवला, के. सी. इब्राहिम नाबाद १३७ धावा काढून शेवटपर्यंत पाय रोवून राहिले, आणि मैदानात अनर्थ झाला नाही. १९४५-४६ चा हंगाम या स्पर्धेचा शेवटचा. पुढे नोव्हेंबर १९५२ मध्ये पाकिस्तानचा संघ कसोटी खेळायला याच मैदानावर उतरला. त्याचे कर्णधार अब्दुल हफीझ कारदार आणि गोलंदाज अमीर इलाही हे दोघेही त्यापूर्वी भारताकडून खेळलेले. तो सामना भारताने दहा गडी राखून जिंकला. हजारे यांनी नाबाद १४६ धावा काढल्या. एका आयुष्यात किती नकाशे बदलतात याचा हिशेब कोणाला मांडायचा असेल, तर ब्रेबर्नच्या धावफलकांवरून तो मांडता येईल.

रणजी करंडकाची एक आठवणही येथे नोंदवली पाहिजे. मार्च १९४५ मध्ये मुंबई आणि होळकर यांचा अंतिम सामना ब्रेबर्नवर झाला. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या, होळकरांनी ३६० आणि ४९२. एकूण २,०७८ धावा. मर्चंट यांनी २७८ काढल्या. महायुद्धाच्या नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद २४९ वर राहिला, आणि त्याचा संघ ३७४ धावांनी हरला. हा सामना नुसत्या आकड्यांवरून कंटाळवाणा वाटेल. पण ज्या पिढीने तो पाहिला तिच्या बोलण्यात तो एखाद्या लांबलचक आणि रंगलेल्या मैफलीसारखा येई.

कसोटी सामने ब्रेबर्नवर आले ते डिसेंबर १९४८ मध्ये, वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात. त्याच मालिकेतील पाचवा सामनाही मुंबईतच, फेब्रुवारी १९४९ मध्ये झाला, आणि तो मराठी घरांत कित्येक वर्षे चघळला गेला. भारताला विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे यांनी १२२ काढल्या. शेवटी ८ बाद ३५५ अशी स्थिती असताना, षटकातला एक चेंडू बाकी असतानाच पंचांनी बेल्स उचलल्या. विजय सहा धावांवर राहिला. भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. तो एक चेंडू टाकला गेला असता तर काय झाले असते, याची चर्चा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो सामना पाहिलेलाही नव्हता. पण न टाकलेला चेंडू पाहायला मैदानात जावे लागत नाही.

आणखी एक प्रसंग जानेवारी १९६० चा. ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेग दोन्ही डावांत अर्धशतके काढून गेले. चहापानाला परतत असताना एक तरुणी गर्दीतून धावत मैदानात आली आणि तिने त्यांच्या गालाचे चुंबन घेतले. तो क्षण इतका अनपेक्षित होता की वर्षानुवर्षे लोकांना धावसंख्या आठवेना, पण चुंबन आठवे. सलमान रश्दी यांच्या ‘द मूर्स लास्ट साय’ (१९९५) या कादंबरीत या घटनेवर बेतलेले एक चित्र आहे आणि त्या चित्राभोवती वादळ उठते. साहित्याच्या अभ्यासकांना हा धागा परिचयाचा असेल. ब्रेबर्नवरील सामन्यातली एक किरकोळ घटना पस्तीस वर्षांनी जागतिक कादंबरीचा ऐवज झाली, ती लोकांच्या आठवणीत टिकून राहिली म्हणूनच.

येथे थोडे खाडीपलीकडे जायला हवे. हा लेख मी जासईत बसून लिहितो आहे. पनवेल आणि उरण यांच्या मधले, पूर्वी भातशेतीचे आणि मिठागरांच्या शेजारचे हे गाव. मागच्या पिढीतील लोकांना मुंबईस जायचे तर मोरा बंदरातून लाँच धरून भाऊच्या धक्क्यावर उतरावे लागे. ब्रेबर्नवर प्रत्यक्ष सामना पाहिलेला माणूस आमच्याकडे विरळा. तिकीट मिळवणे, पाच दिवसांचा रोज बुडवणे, राहायला कोणाचा तरी आधार शोधणे, हे कोणाला परवडणार? तरी ब्रेबर्न ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. दुकानाच्या ओट्यावर रेडिओ लागे आणि पाचदहा माणसे त्याच्याभोवती उकिडवी बसत. समालोचक सांगे त्यावरून प्रत्येक जण मनात मैदान आखे. कोणी पॅव्हेलियन डावीकडे बांधी, कोणी उजवीकडे. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी एकाने फार उशिरा, म्हातारपणी, ब्रेबर्न आतून पाहिले. तेव्हा ते एवढेच म्हणाले की आपण याहून मोठे बांधले होते.

त्या बांधकामाची सामग्री भाषेची होती. पंचरंगीच्या दिवसांत ए. एफ. एस. तल्यारखान यांचे इंग्रजी समालोचन गाजले; पुढे बाळ ज. पंडित यांनी मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन करण्याचा पायंडा पाडला. फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक, पायचीत, त्रिफळा उडणे हे शब्द आज आपण सहज वापरतो. इंग्रज साहेबाचा खेळ खेड्यापाड्यांत पोचला तो या शब्दांवर बसून. गड्याचा ‘त्रिफळा’ उडाला हे ऐकताच ज्याने आयुष्यात स्टंप पाहिले नाहीत त्यालाही तीन काठ्यांची दैना दिसे. वाङ्मयाच्या इतिहासात या शब्दसंपदेची नोंद आपण फारशी घेतली नाही. साहित्य म्हणजे छापलेले पुस्तक अशी आपली समजूत आहे, आणि ओट्यावर बसून ऐकलेली पाच दिवसांची कथा आपण वाङ्मयात धरत नाही. पालवणकर विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ लिहिले म्हणून चौरंगीच्या काळातील एका दलित खेळाडूचे जग आपल्याला त्याच्याच शब्दांत कळते. ऐकणाऱ्यांचे जग मात्र कोणी लिहिले नाही.

रेडिओचा प्रभाव किती होता याची एक काळी बाजूही ब्रेबर्ननेच पाहिली. नोव्हेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत वेंकटराघवन यांना यष्टीमागे झेलबाद ठरवण्यात आले. आकाशवाणीच्या समालोचनात त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त झाली, आणि ईस्ट स्टँडमधील प्रेक्षकांनी ती आपापल्या ट्रान्झिस्टरवर ऐकली. डोळ्यांना नीट न दिसलेले कानांनी खरे ठरवले. बाटल्या फेकल्या गेल्या, खुर्च्या मोडल्या, आगी लागल्या. धुरातच खेळ चालू राहिला. त्या दंगलीचे समर्थन कोणी करू नये. पण त्या दिवशी ईस्ट स्टँडमधील माणसे आणि सज्जातून खेळ पाहणारे सभासद ही एकाच मैदानातील दोन जगे आहेत, हे कोणाच्याही ध्यानात यावे इतके स्पष्ट झाले. दादर, गिरगाव, परळ येथून सकाळची गाडी पकडून, डबा घेऊन, रांगेत उभे राहून जो प्रेक्षक आत शिरे, तो मैदानाचा कोण लागत होता? मालक नव्हे, सभासद नव्हे, पाहुणाही नव्हे. तरी त्याच्यावाचून ते मैदान म्हणजे क्लबचे एक अंगण उरले असते.

आता तो शेवटचा सामना. ६ फेब्रुवारी १९७३ रोजी सुरू झाला. कर्णधार अजित वाडेकर, आणि मालिकेत भारत २-१ असा पुढे. आधीच्या कानपूर कसोटीतून सलीम दुराणी यांना वगळले होते. ‘दुराणी नाही तर कसोटी नाही’ अशा अर्थाच्या घोषणा झाल्या होत्या. मुंबईत ते परतले आणि त्यांनी ७३ व ३७ धावा काढल्या. प्रेक्षकांनी मागणी करावी आणि त्या बाजूला यांनी षटकार मारावा, अशी ज्यांची ख्याती, त्या दुराणींचा हाही शेवटचाच कसोटी सामना ठरला. फारुख इंजिनियर यांनी घरच्या मैदानावर १२१ धावा केल्या. विश्वनाथ यांनी शतक पूर्ण केले तेव्हा सहा फूट सहा इंच उंचीच्या टोनी ग्रेगने त्यांना तान्ह्या मुलासारखे हातांवर उचलून घेतले. प्रतिस्पर्ध्याने केलेले ते कौतुक पाहून मैदान खूष झाले. सामना अनिर्णित राहिला, मालिका भारताची झाली. लोक समाधानाने घरी गेले. दुराणींना निरोप दिला गेला नाही आणि ब्रेबर्नलाही नाही.

पडद्यामागचा तंटा जुनाच होता. मैदान क्लबचे, सामने भरवणारी संघटना मात्र मुंबई क्रिकेट असोसिएशन. तिच्याशी संलग्न असलेल्या शेकडो क्लबांना पुरेशा जागा हव्या होत्या. क्लबला आपल्या सभासदांचे हक्क सोडवत नव्हते. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे त्या वेळी विधानसभेचे अध्यक्षही होते. क्लबच्या बाजूने उभे होते विजय मर्चंट. ज्यांच्या धावांनी या मैदानाचे पहिले वैभव घडवले होते, तेच. नेमके कोण कोणाला काय बोलले याच्या कहाण्या पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक कहाणी सांगणाऱ्याच्या बाजूप्रमाणे बदलते. परिणाम मात्र निर्विवाद आहे. वानखेडे यांनी वेगळे स्टेडियम उभारायचे ठरवले. हाकेच्या अंतरावर, रेल्वेच्या रुळांलगत, हॉकीच्या मैदानाशेजारी, वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार वर्ष-सव्वा वर्षात ते उभे राहिले. २३ जानेवारी १९७५ रोजी तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना सुरू झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या; त्याचे अभिनंदन करायला धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केली आणि नव्या मैदानाचा आरंभ दंगलीने झाला. जागा बदलली तरी कठड्याच्या आतला आणि बाहेरचा हा भेद काही मिटला नव्हता.

या तंट्यात न्याय कोणाच्या बाजूला होता, याचा निवाडा आज सहज करता येतो असे मला वाटत नाही. क्लबने स्वतःच्या पैशाने आणि कष्टाने मैदान बांधले होते, ही गोष्ट खरी. शहराच्या क्रिकेटला सभासदत्वाच्या दयेवर ठेवता येत नाही, हेही खरे. गोऱ्या जिमखान्याच्या बंद दाराला उत्तर म्हणून जे उभे राहिले, त्याचे दार पुढे दुसऱ्या कोणाला अरुंद वाटले. पण दोन्ही पक्षांचे भांडण जागांच्या वाटपावरून होते. रांगेतल्या माणसाला आणि ओट्यावरच्या माणसाला त्यात कोणीही विचारले नाही. सी. एल. आर. जेम्स यांनी ‘बियाँड अ बाउंडरी’ (१९६३) या ग्रंथात वेस्ट इंडीजच्या क्लबांतील वर्णभेद आणि वर्गभेद ज्या नजरेने उलगडला, त्या नजरेने ब्रेबर्नकडे पाहणारा मराठी ग्रंथ अजून लिहिला जायचा आहे.

इतिहासाने पुढे एक गमतीदार वळण घेतले. २०११ च्या विश्वचषकासाठी जुने वानखेडे मोठ्या प्रमाणात पाडून नव्याने बांधायला घेतले. मुंबईला कसोटीसाठी मैदान उरले नाही, आणि २ डिसेंबर २००९ रोजी ब्रेबर्नचे दार कसोटीसाठी पुन्हा उघडले. श्रीलंकेविरुद्धच्या त्या सामन्यात सेहवाग एका दिवसात २८४ वर नाबाद पोचला आणि दुसऱ्या सकाळी २९३ वर बाद झाला. भारताने ९ बाद ७२६ वर डाव सोडला, एक डाव २४ धावांनी सामना जिंकला आणि कसोटी क्रमवारीत प्रथमच पहिले स्थान मिळवले. म्हणजे वानखेडेची वास्तू गेली तेव्हा खेळ टिकला, आणि ब्रेबर्नची वास्तू टिकली होती तेव्हा खेळ गेला होता. २ एप्रिल २०११ चा विश्वविजय आणि नोव्हेंबर २०१३ मधला तेंडुलकरांचा निरोप, दोन्ही नव्या वानखेडेवर झाले. गावसकरांच्या आणि रवी शास्त्रींच्या सहा षटकारांच्या काळातले जुने वानखेडे गेल्याची खंत फारशी कोणी केली नाही. नाव तेच, जागा तीच, गर्दी तीच; मग गेले ते काय, असे वाटले असावे. ब्रेबर्नवरही खेळ थांबला नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तेथे झाला, आणि २०२३ साली महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या पर्वाचा अंतिम सामनाही. गोऱ्यांनी ज्यांना दार बंद केले त्यांच्यासाठी बांधलेल्या मैदानावर, ज्यांचा त्या वेळी विचारही झाला नव्हता त्या मुली आता खेळतात, ही मला त्या मैदानाची सर्वांत सुंदर वर्षे वाटतात.

तेव्हा १९७३ साली गेले ते काय? माझ्या समजुतीप्रमाणे गेला तो एक नातेसंबंध. हिवाळ्यात ठरावीक दिवसांत ठरावीक जागी भरणारी गर्दी, तिच्या बसायच्या ठरलेल्या बाजू, तिचे घोषणांचे सूर, आणि दूरवर तिचा आवाज रेडिओतून ऐकणाऱ्यांच्या मनातले मैदान. ‘ब्रेबर्न स्टेडियमवरून’ या शब्दांनी सुरू होणारा दिवस पुन्हा आला नाही. ऐकणाऱ्यांना मनातल्या मनात सगळे सामान उचलून वानखेडेवर न्यावे लागले. ते त्यांनी नेलेही. माणसे जुळवून घेतात. पण जुळवून घेतले म्हणजे काही हरवले नव्हते, असे होत नाही.

हे मला जासईत अधिक जाणवते त्याला कारण आहे. ज्या दशकात ब्रेबर्नवरून कसोटी गेली, त्याच दशकात आमच्याकडच्या शेतजमिनींचे संपादन चालू होते. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायचे ठरले. जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले; १६ व १७ जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला स्वीकारावे लागले. तो इतिहास मोठा आहे आणि या लेखाचा नाही. पण त्यातला एक लहानसा भाग आहे. भाताची कापणी झाली, मळणी आटोपली की मोकळी झालेली खाचरे हीच आमच्या गावांची मैदाने होती. ब्रेबर्नच्या कसोटीचे महिने तेच, आणि खाचरात काठ्या रोवून खेळायचे महिनेही तेच. रेडिओवर ऐकलेला फटका संध्याकाळी तिथे मारून पाहिला जाई. बांध ही सीमारेषा. बांधापलीकडे चेंडू गेला की चौकार. कोणत्या वर्षी तेथे शेवटचा डाव झाला याची तारीख कोणाकडे नाही. भराव पडला, त्यावर गोदामे आणि रस्ते आले, आणि २०२४ च्या जानेवारीपासून जवळच शिवडीहून येणारा सागरी सेतू उतरतो. जी मुंबई गाठायला लाँचची वाट पाहावी लागे ती आता मिनिटांवर आली. त्या खाचरांवर कोणी मशाल हातोहात दिली नाही, आणि तसे करावे हे सुचण्याइतका वेळही कोणाला मिळाला नाही.

बॅकबेच्या समुद्रात भर घालून मैदान झाले. आमच्या मैदानांवर भर घालून बंदराची वाट झाली. दोन्हीकडे जमिनीचा दर कागदावर सापडतो. साडेतेरा रुपये यार्ड हा आकडा नव्वद वर्षांनीही सांगता येतो. पण रोज बुडवून रेडिओपुढे बसलेल्या माणसाने मनात केवढे मैदान बांधले होते, याचा आकडा कोठेही नोंदलेला नाही. त्याची नोंद झाली तर ती आठवणींतूनच होईल, आणि ज्यांनी १९७३ चा सामना ऐकला त्यांतले सर्वांत तरुण आज साठीच्या पुढे आहेत.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. पदवीच्या वर्गातील मुलांना प्रकल्प द्यायचेच असतात. त्यांना आपापल्या घरातील, गल्लीतील, गावातील म्हाताऱ्या माणसांकडे पाठवावे आणि एवढेच विचारायला सांगावे की तुम्ही पहिला सामना कोठे ऐकला, कोणाबरोबर ऐकला, आणि तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे मैदान कसे होते. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावीत. आगरी असेल तर आगरीत, मालवणी असेल तर मालवणीत. पॅव्हेलियन कोणी डावीकडे बांधला आणि कोणी उजवीकडे, हेही लिहून घ्यावे. ब्रेबर्नला निरोप द्यायचा राहून गेला तो राहिलाच; निदान ज्यांनी ते न पाहता बांधले, त्यांची बांधकामे तरी नोंदली जातील.